दीड भाकरी, एक वेळ

कोंडीबा धनगर मोजकं बोलणारा माणूस. जतकडचा, अर्धं कानडी, अर्धं मराठी, आणि दोन्ही मिळून दिवसाकाठी दहा वाक्यं. दर साली सुगी उरकली की तो मेंढरं घेऊन खाली यायचा आणि माधवनगरच्या वाटेवर पायगोंडा पाटलांच्या रानात चार दिवस कळप बसवायचा. लेंड्यांनी रानाला खत व्हायचं, त्याला जोंधळा मिळायचा. मग तिथनं साताऱ्याच्या बाजूला वर चढायचा आणि महिन्याभरानं त्याच वाटेनं माघारी फिरायचा.

दुसरी मोठी लढाई संपायच्या आदल्या साली निघायच्या दिवशीच घात झाला. त्याच्या कुत्र्याचा, करियाचा, मागचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली आला. काळंभोर, वाघासारखं कुत्रं ते, पण तीन पायांवर कळपामागं किती चालणार? कोंडीबानं त्याला पोरासारखं उचलून आणलं आणि पाटलांच्या सोप्यात पोत्यावर निजवलं. दारात पाटलांची सून उभी होती, गुणमाला. तिला तो म्हणाला, "माघातल्या पुनवंला येतो. तवर सांभाळा. एक येळ खातंय. दीड भाकरी, ताकात कुस्करून. जास्त नगं, कमी नगं."

गुणमालेनं ते त्याला परत म्हणून दाखवलं. एक वेळ, दीड भाकरी. तो मान हलवून चालता झाला.

लग्नाला सहा वर्षं झालेली, पदरी मूल नाही. नवरा कल्लाप्पा पहाटपाळीला गिरणीत जायचा, घरी आला की जेवून निजायचा. 'सांभाळा' म्हणून तिच्या हवाली आजवर कुणी काही केलं नव्हतं. तिला त्या शब्दाचं फार अप्रूप वाटलं. हे कुत्रं धडधाकट करून त्याच्या धन्याच्या हातात द्यायचं, एवढंच तिनं मनात धरलं.

आता हे घर जैनाचं, आणि त्यातही कडक. दिवस बुडाला की चूल विझली, भांडी पालथी पडली. अंधारात अन्नाला हात लावायचा नाही, कारण न दिसणारा बारका जीव त्यात मरतो. माणसाला जो नियम तोच दारातल्या कुत्र्यामांजराला, असं सासूबाईंचं, त्रिशलाबाईंचं, म्हणणं. म्हणून गुणमाला उन्हं कलली की मातीच्या परळात दीड भाकरी कुस्करायची, वर ताक ओतायची आणि करियापुढं ठेवायची. तो हुंगायचा. मग तोंड पायांवर टेकून रस्त्याकडं बघत पडायचा. दिवेलागणीला ती परळ उचलायची, कारण उष्टं तसंच राहिलं तर किडामुंगी पडणार. आणि नेमका त्याच वेळी करिया तीन पायांवर उभा राहायचा, शेपूट हलवायचा, बारीक कुंईकुंई करायचा. धन्याची आठवण येत असेल बिचाऱ्याला, असं म्हणून ती त्याच्या डोक्यावरनं हात फिरवायची आणि परळातलं सगळं गाईच्या घमेल्यात रिकामं करायची.

तुम्ही म्हणाल, एवढं कसं कळलं नाही हो बाईला? अहो, जिनं जन्मात कुणाला अंधारात जेवताना बघितलं नाही, तिला ते सुचावं कसं? तिनं सकाळी देऊन बघितलं, दुपारी देऊन बघितलं. दूध घातलं, गूळ घातला. वैदूला बोलावलं, तर तो म्हणाला पाय भरत आलाय, दुखणं काही नाही. करिया पाणी तेवढं प्यायचा.

आठव्या की नवव्या दिवशी पायगोंडा पाटील त्याच्याजवळ बसले. भला माणूस, मुंगीला वाट देऊन चालणारा. बराच वेळ त्यांनी कुत्र्याच्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाले, "ह्यानं अन्न सोडलंय. समजून सोडलंय."

झालं. अंत जवळ आला की आपणहून आहार आटपत जायचा, हे व्रत त्या घराला ठाऊक होतं. पाटलांच्या आईनंच ते घेतलं होतं. मुक्या जनावराला तशी बुद्धी झाली, म्हणजे केवढी पुण्याई! बातमी गल्लीत गेली, गल्लीतून गावात. बायका आंघोळ करून यायच्या, करियाच्या कानात णमोकार मंत्र म्हणायच्या, दोन फुलं ठेवायच्या. कुणाच्याही मनात वाकडं नव्हतं. आणि जाता जाता गुणमालेला म्हणायच्या, पोरी, तुझ्या हातात काहीतरी असणार, म्हणून हा जीव तुझ्या दारात आला. बारशाला पाळण्यापासून तिला लांब बसवणाऱ्या बायका त्या! सासूबाईसुद्धा चारचौघींत 'आमची गुणमाला' म्हणू लागल्या. तिला ते गोड लागलं. खोटं कशाला सांगू, फार गोड लागलं.

पंधराव्या दिवशी भांडी घासून झाल्यावर ती करियाचं पाणी बदलायला गेली. अंधार पडला होता. ताकाचं गाडगं शेवटी हातानंच खरवडलेलं, बोटांच्या पेरात थोडं लोणी राहिलं होतं. करियानं मान उचलली. तिचा हात हुंगला आणि बोटं चाटायला लागला. एकेक बोट, नखापासून मुळापर्यंत. संपल्यावरही चाटत राहिला. मग त्यानं तिच्या तोंडाकडं बघून शेपूट आपटलं.

गुणमालेला सगळं कळलं, एका क्षणात कळलं. मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपणात, बसल्यावर, अंधारात जेवणारं जनावर हे. आपण रोज त्याच्या जेवायच्या वेळेला ताट उचलून नेलं.

आत शिंकाळ्यावर भाकरी होती. चार पावलं. पण सोप्याच्या त्या टोकाला बायका स्तोत्र म्हणत बसलेल्या, मधोमध सासूबाई. सगळ्यांदेखत दिवाबत्तीनंतर अन्न काढायचं, आणि वर सांगायचं काय? व्रत नव्हतंच म्हणून? ती उंबऱ्यात उभी राहिली. उद्या मामंजींना एकट्याला गाठून सांगू, असं म्हणाली मनाशी, आणि आत जाऊन निजली. झोप लागली नाही, पण उठलीही नाही.

दुसऱ्या दिवशी करियाला मान उचलवेना. ती उजाडल्यापासून त्याच्यापाशी बसून होती. दिवस बुडाल्या बुडाल्या तिनं पदराआड भाकरी नेली, ताकात कालवून त्याच्या ओठांना लावली. ते ताक दातांवरनं पोत्यावर ओघळलं. पहाटे तो गेला. पाटलांनी बांधावर आंब्याखाली खड्डा काढायला लावला, गावानं फुलं घातली.

माघातल्या पुनवेला कोंडीबा आला, बोलल्या शब्दाप्रमाणं. पाटलांनी त्याला बसवून घेतलं आणि मोठ्या मायेनं सांगितलं की तुझं कुत्रं थोर निघालं, अन्न सोडून शांतपणे गेलं. कोंडीबा ऐकत राहिला. मग त्यानं गुणमालेकडं बघून विचारलं, "घालत कवा हुता?"

"दिवस मावळायच्या आत," ती म्हणाली.

कोंडीबानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मेंढरं चोरणारे दिवसाच विष घातलेली भाकरी टाकून जातात, म्हणून पिल्लू होतं तेव्हापासून त्यानं करियाला अंधार पडेतोवर तोंड न लावायची शिस्त लावली होती. पहिल्यांदा मारून, मग मायेनं. "चूक माजी," तो म्हणाला. "किती ते सांगितलो, कितींदा ते सांगितलो. कवा ते सांगितलोच न्हाई." पाटलांनी त्याच्यापुढं हात जोडले.

कोंडीबा उठून बांधाकडं गेला. गुणमाला त्याच्यामागनं गेली. आंब्याखाली तो उकिडवा बसला होता, दिवस बुडत आला होता. तिला वाटलं होतं, गप्प राहावं. त्यानं चूक आपल्या अंगावर घेतलीच होती, कुणाला काही कळणार नव्हतं. पण तिच्यानं राहवलं नाही.

"मला कळलं हुतं, मामा," ती म्हणाली. "त्यो जायच्या आदल्या रात्री. बोटं चाटली त्यानं माजी. घरात भाकरी हुती. लोक काय म्हणतील म्हणून मी दिली न्हाई."

कोंडीबा तिच्याकडं वळला नाही. अंधार होईतोवर तसाच बसून राहिला. ती रडत उभी होती, त्यानं तिला उगी म्हटलं नाही. मग घोंगडीच्या खोळीतनं त्यानं फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. करियासाठी आणलेल्या भाकरी होत्या, एक अख्खी आणि एक अर्धी. ते फडकं त्यानं तिच्या हातात दिलं.

"आता त्येची येळ झाली," तो म्हणाला. "घाला."

घराकडं दिवा लागला होता आणि सासूबाई तिच्या नावानं हाका मारत होत्या. गुणमाला खाली बसली. दिवस बुडाल्यावर, धन्याच्या देखत, तिनं दीड भाकरी बारीक कुस्करली आणि मातीवर ठेवली. बोटांना लागलेला चुरा तिनं पुसला नाही.