झाबिक सरांचं टिंब

"सर, तुमच्या नावावरचं टिंब कुठं गेलं?"

प्रश्न लुत्कानं विचारला खरा, पण तो तिचा नव्हता. वांदा आणि मिरकानं तो मागच्या बाकावर बसून तयार केला होता आणि वर पैज लावली होती. विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू, नाही विचारलास तर आमची दोघींची तू वाहायची. लुत्कानं त्या वर्षी गणिताच्या एकाही तासाला तोंड उघडलं नव्हतं. त्यामुळं वांदानं आपलं दप्तर आधीच तिच्या पायाशी आणून ठेवलं होतं.

सोमवार होता, शाळा सुटली होती, आणि संगणक मंडळाची आठ मुलं सहा संगणकांभोवती बसली होती. सहातले चार चालायचे. फळ्यावर लिहिणाऱ्या लेओन झाबिक सरांनी खडू खाली ठेवला.

टिंबाच्या बाबतीत झाबिक सरांची ब्रोदनित्सा गावभर ख्याती होती. पोलिशमध्ये Z या अक्षराच्या डोक्यावर टिंब दिलं की झ, नाही दिलं की ज, आणि हे टिंब विसरणाऱ्याचा सर अर्धा गुण कापायचे, तेही गणिताच्या पेपरात. "टिंब म्हणजे माशी नव्हे, बसली तर बसली, उडाली तर उडाली," असं म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या आडनावात त्या टिंबामुळं चक्क झाबा, म्हणजे बेडूक, दडलेला होता, आणि पाठीमागं मुलं त्यांना बेडूकच म्हणत. टिंब काढलं तर उरतो जाबिक, ज्याला काहीच अर्थ नाही. आणि मंडळाच्या छापील पुस्तिकेवर गेली तीन वर्षं मोठ्या अक्षरांत तेच छापून येत होतं: लेओन जाबिक. त्यातला ज सुद्धा बाकीच्या अक्षरांत मिसळत नव्हता. कुणाच्या तरी जुन्या टाइपरायटरवरून उचलून आणून बसवल्यासारखा दिसायचा.

इतके दिवस हे कुणाच्या नजरेत आलं नाही, कारण सही करताना सर टिंब देतच नसत. सगळेच करतात तशी टिंबाऐवजी Z च्या पोटातून आडवी रेघ मारत.

"कुणी पढवलं?" सरांनी विचारलं.

"कुणी नाही."

मिरकाला खोकला आला.

"मिरका, खोकल्याला खाली नर्सबाई आहेत." सर लुत्काकडं वळले. "टिंब विद्यापीठाच्या प्रिंटरनं खाल्लं. पुस्तिका तोरुन्यला छापतात, त्यांच्या यंत्राला आपली अक्षरं पचत नाहीत. परीक्षेचे पेपर मी इथं छापतो, त्यांवर माझं नाव टिंबासकट येतं. झालं समाधान?"

पैज तिथंच जिंकली होती. लुत्कानं खाली बसायचं, वांदानं दप्तर उचलायचं, एवढंच उरलं होतं. पण लुत्का उभीच राहिली.

"म्हणजे पुस्तिका इथं छापली, तर टिंब येईल?"

हा प्रश्न तिला कुणी दिला नव्हता. तोंडातून बाहेर पडल्यावर तिचं तिलाच ते कळलं, आणि कान गरम झाले.

"येईल," सर म्हणाले. मग जरा थांबून, "यायला पाहिजे."

त्यांनी मुखपृष्ठ छापायला सोडलं आणि कोपऱ्यातला प्रिंटर किंचाळत सुरू झाला. सगळे त्याच्याभोवती जमले. कागद वर सरकला. लेओन जाबिक.

"हा प्रिंटर तर सगळंच टिंबाटिंबांनी लिहितो," मिरका म्हणाली. "ह्याच्याकडं एक कमी पडलं?"

सर हसले नाहीत. त्यांनी कागद फाडून घेतला, चष्मा कपाळावर चढवून पाहिला आणि लुत्काच्या हातात दिला. "पुस्तिका शुक्रवारी सकाळी तोरुन्यला जाते. तू विचारलंस, तू शोध. खोलीची किल्ली शिपाईणबाईंकडं."

शुक्रवारची मुदत लुत्काच्या घरीही होती. स्वयंपाकघरातल्या फळीवर, पावाच्या डब्याखाली, एक अर्ज आठवडाभर पडून होता. बाबांनी तो छान अक्षरात भरला होता. लुत्कानं गणिताची तुकडी सोडायची, इवावा गावी मावशीकडं राहायचं आणि तिथल्या वाणिज्य शाळेत जायचं. तिची सही तेवढी बाकी होती. आई-बाबा काही ओरडले वगैरे नव्हते. "गणितात जेमतेम तीनची श्रेणी घेऊन त्या हुशारांच्यात कशाला कुढत बसतेस?" आई म्हणाली होती, आणि लुत्काला ते पटलंही होतं. त्या तुकडीतल्या बाकीच्यांना गोष्टी आपोआप कळतात अशी तिची समजूत होती. तिला काहीच आपोआप कळत नव्हतं. ती "बघते" म्हणाली होती. पण अर्ज दिसला की तिला पाव नकोसा व्हायचा.

मंगळवारी ती किल्ली घेऊन खोलीत बसली.

मंडळाची कामाची पद्धत अशी होती. प्रोग्राम आणि त्याचं स्पष्टीकरण सर एकाच फायलीत लिहायला लावत, एखाद्याला शेजारी बसवून सांगावं तसं. ह्या वर्षीचा प्रोग्राम गावच्या ग्रंथालयातली नावं पोलिश क्रमानं लावायचा. त्या एका फायलीवर दोन हत्यारं चालायची. पहिलं त्यातून फक्त संगणकाला लागणारं काढून द्यायचं, ते माणसाला वाचता येत नसे, म्हणून मुलं त्याला गुंता म्हणत. दुसरं माणसासाठी पुस्तिका विणायचं. तो विणकर.

पण विणकर काही थेट पुस्तिका देत नसे. तो आणखी एक फाईल द्यायचा, एक-दोन अक्षरी आज्ञांनी खच्चून भरलेली. त्या आज्ञांचा अर्थ तिसऱ्याच फायलीत असायचा. ती मॅक्रोंची फाईल, म्हणजे छोट्या नावाखाली बांधून ठेवलेल्या मोठ्या कामांची यादी. विणकराची फाईल आणि ही यादी, दोन्ही समोर ठेवून अक्षरजुळणीचा प्रोग्राम पान लावायचा. ह्या दोन फायली कुणी उघडत नसे. लुत्कानं विणकराची उघडली.

मुखपृष्ठाच्या ओळीत लिहिलं होतं `\.Z`. तिरकी रेघ, टिंब आणि अक्षर. मोठ्या ठशात पोलिश अक्षरं नव्हती, त्यामुळं टिंब असं वेगळं मागावं लागे. पेपरांच्या मथळ्यातही सर असंच लिहीत. म्हणजे टिंब मागितलेलं होतं.

मिळालं नाही ना, मग आपण देऊ, असा लुत्कानं सरळ विचार केला. ती आज्ञा तिनं पुसली, साधा Z लिहिला आणि एक पूर्णविराम उचलून त्याच्या डोक्यावर ठेवायची खटपट केली. सहाव्या प्रयत्नाला बसला. बुधवारी सकाळी तिनं कागद सरांपुढं धरला.

सरांनी मूळ फायलीत एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि विणकर पुन्हा चालवला. जाबिक परत आला.

"विणकर दर वेळी नवं कापड विणतो," सर म्हणाले. "तू कालच्या कापडाला बटण शिवलंस. आणि वाकडं शिवलंस. मला सांग, टिंब मागितलं होतं का?"

"मागितलं होतं."

"मग ते कुणाला ऐकू गेलं नाही?" एवढं विचारून ते तासाला निघून गेले.

दुपारी लुत्कानं मॅक्रोंची फाईल उघडली. वांदाही बरोबर आली, कारण दप्तर वाहायचं तर दप्तराच्या मालकिणीबरोबरच राहावं लागतं.

टिंबाची आज्ञा सापडली. ऐकू गेलं होतं, पण भलत्याच माणसाला. एरवी, पेपर छापतानाही, त्या आज्ञेचा अर्थ पुढच्या अक्षरावर टिंब दे. इथं कुणीतरी त्याच नावावर दुसरंच काम लावून ठेवलं होतं: पुढचा मजकूर टाइपरायटरच्या अक्षरांत लाव. प्रोग्राममधला अवतरणातला प्रत्येक शब्द विणकर ह्याच आज्ञेनं पाठवायचा. सरांनी टिंब मागितलं आणि त्यांना टाइपरायटरचा Z मिळाला. तो परका दिसत होता, ते उगीच नव्हे.

"मग काढून टाक की ते नवं काम," वांदा म्हणाली. "टिंबाला टिंब राहू दे."

लुत्कानं आधी फायलीची नक्कल करून ठेवली, मग तसंच केलं. मुखपृष्ठ आलं: लेओन झाबिक, टिंब मधोमध. वांदानं टाळी दिली. मग दुसरं पान आलं, तिसरं आलं. प्रोग्राममधल्या प्रत्येक अवतरणचिन्हाच्या डोक्यावर टिंब होतं. कोनी कंसांवर टिंब होतं. एका तिरक्या रेघेवरही होतं.

"अगं, गोवर आलाय हिला," वांदा म्हणाली. "बत्तीसच्या बत्तीस पानांना." ती इतकी हसली की तिला बाकाला धरावं लागलं. लुत्कानं जुनी फाईल परत जागेवर ठेवली. हसू तिलाही आलं, पण अर्ध्यातच थांबलं. विणकराला ती आज्ञा लागते. सरांना टिंब लागतं. नाव एक आणि कामं दोन. ज्यानं हे नाव नव्या कामाला लावलं, त्याला हे सुचलं नसेल का?

गुरुवारी तिनं ती फाईल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. अर्धं काही कळेना. कळलं नाही ते तिनं वहीत प्रश्न म्हणून लिहून ठेवलं. अशा ओळी एकोणीस झाल्या. त्या टिंबाच्या आज्ञेच्या कितीतरी वर, जिथं तिनं काल पाहिलंही नव्हतं, एक बारकी ओळ होती आणि शेजारी इंग्रजीत टिपण. शब्दकोश उघडून तिनं ते लावलं. टिंब देण्याची सोय राखून ठेवली आहे, असं काहीसं होतं. नाव काढून घेण्याआधी त्या माणसानं जुनं काम शेजारच्या खोलीत हलवून ठेवलं होतं, विसर्गासारख्या दिसणाऱ्या नावाखाली. दारावर पाटीही लावली होती. ती कुणी वाचली नव्हती.

लुत्कानं सरांची मूळ फाईल उघडली, `\.Z` च्या जागी `\:Z` लिहिलं, विणकर चालवला, अक्षरजुळणी केली, छापलं. मग एक स्वल्पविराम उगाच काढून, परत घालून, सगळं पुन्हा चालवलं आणि पुन्हा छापलं.

झाबिक सर कोट घालून दारात उभे होते. त्यांनी दोन्ही कागद उजेडाला धरले. पानं चाळली. गोवर नव्हता.

"तीन वर्षं मी तोरुन्यच्या प्रिंटरला शिव्या दिल्या," ते म्हणाले.

"पुस्तिकेमागं अर्धा गुण होतो, सर."

"काप." त्यांनी खुर्ची ओढली. "आता हे का केलंस ते फायलीतच लिही. तिथंच, त्या ओळीच्या शेजारी. पुढच्या मूर्खानं ते दोन टिंबांचं एक करायला नको. पुढचा मूर्ख बहुतेक मीच असेन."

लुत्कानं चार ओळी लिहिल्या. दुसरी ओळ सरांना लांब वाटली, ती तिनं तोडली. पुस्तिका पाकिटात गेली, पाकिटावर सरांनी आपलं नाव लिहिलं आणि Z च्या पोटातून आडवी रेघ मारली.

"वहीत काय आहे?"

"प्रश्न आहेत. एकोणीस. पण पुढच्या वर्षी मी इथं नसेन, सर. मला गणितात तीन आहेत."

"माहीत आहे. मीच दिलेत. बरोबर दिलेत, वर्षभर तू एक प्रश्न विचारला नाहीस."

"सोमवारी दोन विचारले."

"एक," सर म्हणाले. "पहिला वांदाचा होता." त्यांनी दिवा मालवला. राहा, जाऊ नकोस, असलं काही ते बोलले नाहीत. दारात फक्त एवढं म्हणाले, "किल्ली परत दे. नाही तर ठेव. शिपाईणबाईंना काय ते सांग."

वांदा फाटकापर्यंत दप्तर घेऊन आली. "ह्यात दगड भरलेस का गं?" तिनं विचारलं. आत शब्दकोश होता.

घरी ताटात चक्का आणि मुळ्याच्या चकत्या होत्या, पावाचा डबा उघडा होता आणि अर्ज टेबलावर आला होता. बाबांनी त्यावर पेन आडवं ठेवलं होतं.

"सही कर, राणी. उद्या कामावर जाताना शाळेत देतो."

लुत्कानं अर्ज उचलून वरपासून वाचायला घेतला, एकेक ओळ. आई-बाबांनी एकमेकांकडं पाहिलं.

"वाचतेस काय त्यात? तुझंच नाव आहे," बाबा म्हणाले.

"इथं कारण लिहिलंय, विद्यार्थिनीला गणित झेपत नाही."

"मग तीन काय आम्ही दिलेत?" आई म्हणाली.

"तीन बरोबर आहेत. कारण चुकीचं आहे." तिनं कोटाच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली, जाडजूड, लाल दोरा बांधलेली. "मी विचारतच नव्हते. विचारलं, तर चार दिवसांत एक सापडलं. अजून एकोणीस आहेत."

"एकोणीस काय?" बाबांनी विचारलं. "आणि ही किल्ली कसली?"

"सांगते, पण ते मोठं आहे. आधी हे ऐका." तिनं अर्जाची घडी घातली आणि पेन बाबांच्या खिशाला परत लावलं. "मी इवावाला जात नाही. मावशीला मी स्वतः फोन करून सांगते. मी इथंच, गणिताच्या तुकडीत राहणार आहे."