बिल नसलेल्या सीडीची फिर्याद

मी एक जुनी सीडी आहे. तळहाताएवढी, चकचकीत, मधोमध भोक असलेली. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, म्हातारी झाली, आता जुन्या आठवणी काढून रडत बसेल. मी रडणार नाही. मला राग आला आहे आणि इतकी वर्षे झाली तरी तो उतरलेला नाही. मी चोरीची आहे, असे एकदा माझ्याबद्दल सरकारी कागदावर लिहिले गेले. मी खरेच चोरीची होते का, ते तुम्हीच ऐका आणि ठरवा.

माझा जन्म २००० सालचा. कारखान्यात एका दिवसात माझ्या हजारो बहिणी तयार झाल्या. आमच्या पोटात लिनक्स नावाची प्रणाली भरली गेली. प्रणाली नसेल तर संगणक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. तीच त्याला चालवते. आमची ही प्रणाली कुणा एका मालकाची नव्हती. देशोदेशींच्या माणसांनी, कित्येकांनी आपापली नोकरी सांभाळून, निव्वळ हौसेने ती लिहिली होती आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. माझ्या अंगावर निळ्या इंग्रजी अक्षरांत तसे छापलेही होते : मोफत आहे, कॉपी करा, मित्रांना द्या.

मग मला एका संगणकाच्या मासिकाला चिकटवले आणि मी कोल्हापूरच्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर येऊन पडले. तिथून मला महादेवीने घरी नेले.

महादेवी कबनूर गावची. तिचे वडील शिवय्या यंत्रमागांचे जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. महादेवी बी.एस्सी. झाली होती. एका ऑफिसाने टाकून दिलेला संगणक तिने घरी आणला होता. नवी प्रणाली त्याला झेपत नव्हती, म्हणून त्याला भंगार ठरवले होते. पहा मित्रांनो, चालता बोलता संगणक भंगार! मी त्याच्यात शिरले तेव्हा तोही आजच्या माझ्यासारखाच चिडलेला होता.

पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे यायची आणि तिथेच थांबायची. शिवय्या तेलकट हातांनी मासिक उघडून धरायचे आणि महादेवी त्यात बघून एकेक आज्ञा टंकायची. तिसऱ्या खेपेला पडदा उजळला. महादेवीने टाळ्या वाजवल्या.

"अप्पा, ह्येच्यात आत काय लिवलंय त्येबी बघता येतंय. पायजे तर बदलताबी येतंय."

शिवय्यांनी हात पुसले. "मग हे खरं यंत्र. जो माग मला उघडू देत न्हाईत, तो मी दुरुस्त कसा करू?"

माझे इतके नेमके कौतुक पुन्हा कुणी केले नाही.

वर्षभरात घराच्या पुढच्या सोप्यात सहा जुने संगणक झाले आणि महादेवीने क्लास सुरू केला. शिकायला आल्या त्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका. त्यांत सर्वांत मोठ्या धोंडुबाई. माऊसला हात लावण्याआधी त्यांनी विचारले होते, "अक्का, ह्यो चावत न्हाय न्हवं?" चौथ्या महिन्यात त्याच धोंडुबाईंनी पडद्यावर चौकोन चौकोन भरून टॉवेलाचा काठ काढला. मोगऱ्याच्या कळ्यांचा. कारखानदाराने तो मागावर चढवला. धोंडुबाई त्या टॉवेलाची घडी पिशवीत घालून हिंडायच्या आणि भेटेल त्याला दाखवायच्या.

शिकून झालेल्या प्रत्येकीला महादेवी माझी एक कॉपी द्यायची. त्यावर स्केचपेनने तिचे नाव लिहायची. मला फार अभिमान वाटायचा.

गावात आणखी एक क्लास होता, सम्राट नावाच्या माणसाचा. वातानुकूलित खोली, काचेचे दार. त्याच्या संगणकांवर विकतची प्रणाली होती, पण ती त्याने विकत घेतलेली नव्हती! एका सीडीवरून चोरून वीस संगणकांवर चढवली होती. त्याच्याकडची मुले महादेवीकडे येऊ लागली, तेव्हा त्याने काय करावे? त्याने महादेवीविरुद्धच चोरीची प्रणाली वापरल्याची तक्रार दिली.

२००४ च्या फेब्रुवारीत क्लास भरलेला असताना चार पोलीस दारात उभे राहिले.

"बिल दाखवा."

"साहेब, संगणकांची बिलं हाईत. सीडीचं बिल नसतंय. ती मोफत हाय."

"फुकट म्हंजी चोरीचीच की!"

"ह्येच्यावर छापलंय बघा. आत सगळा परवाना हाय. लावून दाखवू काय?"

"आमास्नी शिकवू नका, बाई."

शिवय्या मधे पडले. "पावणं, एकदा वाचून तर बघा."

कुणी वाचले नाही. माझ्या पोटात माझ्या निर्दोषपणाचा अख्खा कागद होता आणि मला वाचल्याशिवाय खाकी पाकिटात कोंबून वर लाखेची मोहर मारली. संगणक टेम्पोत एकावर एक रचले. मला नाव मिळाले : मुद्देमाल. कोणत्या ठाण्यात मला ठेवले ते मी सांगत नाही, पण कपाटात माझ्या एका बाजूला सुरा होता आणि दुसऱ्या बाजूला गावठी दारूची बाटली. तिथे मी अकरा महिने काढले.

बाहेर काय घडत होते, ते मला पुढे महादेवीच्या बोलण्यातून कळले. जॉबरच्या घरात चोरी सापडली, असे लोक बोलू लागले. ज्या कारखान्यांत शिवय्यांनी तीस वर्षे माग दुरुस्त केले, तिथेही कुणी हसून विचारायचे, "काय, पोरीचा धंदा बंद झाला व्हय?" महादेवी दर पंधरवड्याला ठाण्यात जायची, बाकावर बसायची आणि "पुढच्या बारीला या" ऐकून परत यायची. शेवटी तिने जाणे सोडले. ते मात्र धोंडुबाईंना सहन झाले नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी त्या कामावर गेल्याच नाहीत. क्लासात शिकलेल्या बावीस जणी महादेवीला पुढे घालून चालत ठाण्यात आल्या. तिथे नुकतेच नवे साहेब बदलून आले होते. धोंडुबाईंनी पिशवीतून सीडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, तुमच्या कपाटात जी कोंडलीया, तिच्यात जे हाय त्येच ह्येच्यातबी हाय. ह्यावर माझं नाव लिवलंय. धरा मला."

मागून दुसरीने ठेवली. मग तिसरीने. टेबलावर बावीस सीड्यांची चवड झाली. साहेब गोंधळून म्हणाले, "अहो मावशी, ही भानगड काय आहे?" आणि त्यांनी हवालदाराला मला काढायला सांगितले.

हवालदाराने सुरीने पाकीट फाडले. सुरी माझ्या अंगावरून गेली. केवढा मोठा ओरखडा! तरी मी ठाण्याच्या संगणकात फिरले आणि परवान्याचा कागद पडद्यावर आणला. महादेवी एकेक ओळ मराठीत सांगत गेली : वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, आणि पुढच्यालाही हाच हक्क द्या.

साहेब बराच वेळ वाचत राहिले. "हे आधी कुणी वाचलं नव्हतं?"

हवालदार म्हणाला, "बिल नव्हतं, सर."

तेव्हा धोंडुबाई पुढे झाल्या. "साहेब, राग धरू नगासा. तुमच्या ह्या यंत्रात जी शिष्टीम हाय, तिचं बिल कुठं हाय?"

साहेबांनी हवालदाराकडे पाहिले. हवालदाराने पंख्याकडे पाहिले.

आठवड्याभराने कागद झाले आणि सामान सोडले. उंदरांनी तारा कुरतडल्या होत्या. ठाण्यातच लावून पाहिले, तर सहापैकी दोनच संगणक सुरू झाले. पावतीवर आधीच छापले होते : 'माल सुस्थितीत मिळाला.' महादेवीने ती ओळ खोडली आणि लिहिले, 'चार बिघडलेले मिळाले.'

हवालदार म्हणाला, "अक्का, सुटला न्हवं माल? आता कशाला?"

"जे हाय त्येच लिवणार," ती म्हणाली आणि सही केली.

'आमचे चुकले' हे दोन शब्द तिला कुणीही म्हटले नाहीत. सम्राटला कुणी साधे बोलावलेही नाही. महादेवीने दोन संगणकांवर क्लास पुन्हा सुरू केला. मोडक्यांचे सुटे भाग जोडून शिवय्यांनी तिसरा उभा केला. प्रणाली मात्र त्यांनी धोंडुबाईंच्या सीडीवरून चढवली. माझा ओरखडा आला की संगणक अडखळतो. आज २००९ साल आहे. मी महादेवीच्या कपाटात असते आणि मला कुणी फिरवत नाही.

मित्रांनो, त्याचे मला दुःख नाही. झिजणे आमच्या जातीला चुकत नाही. माझे मागणे वेगळेच आहे. जे मोफत मिळते त्यामागेही कुणाचे तरी कष्ट असतात, ते जपून वापरा. आणि कधी कुणी एखाद्याला चोर म्हणत तुमच्या गल्लीत आले, तर दार लावून घेऊ नका. बाहेर या. चौघांदेखत विचारा, "वाचलंय का तुम्ही?"