तोतयाचे खरे चित्र

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे, तेही एका लबाड माणसाचे. हे मी मान ताठ ठेवून सांगतो.

फार वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थानाचा युवराज नदीत बुडाला. बारा वर्षांनी एक माणूस उगवला आणि म्हणाला, "तो युवराज मीच." दीड वर्ष सगळे त्याला मुजरे करत होते. मग बिंग फुटले. एका कारागिराने त्याला कैदेत समोर बसवले, तांब्याच्या पत्र्यावर त्याचा चेहरा कोरला आणि त्या पत्र्यावरून मला कागदावर छापले. डोक्यावर उसनी पगडी, गळ्यात मोती आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ: 'युवराज म्हणविणारा तोतया.'

पुढे कुणीतरी मला लहान चौकटीत बसवले आणि ती ओळ लाकडाखाली दडली. रहाटणीच्या आबाजींनी मला जुन्या बाजारातून आणले, ते केवळ चेहरा आवडला म्हणून. ते रोज धोतराच्या सोग्याने माझी काच पुसत. ते गेल्यावर मी माळ्यावर पडलो. वाळवीने माझा एक कोपरा खाल्ला.

यंदा त्यांच्या मुलाने, शेखरने, पुनावळ्यात मोठा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला बडे लोक येणार होते. मी त्याला आठवलो. "आमचे मूळ पुरुष, राजे होते," असे तो माझ्याविषयी पाहुण्यांना आधीच सांगून बसला होता.

त्याची बायको जयमाला चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासते. वाळवी झाडायला तिने चौकट उघडली आणि ओळ वाचली. शेखरचा चेहरा पडला. तो ब्लेड घेऊन आला.

"दोन बोटांची पट्टी आहे. कापली तर कुणाला कळतंय?"

"नंबर खरवडलेला पार्ट मी पास करत नाही," जयमाला म्हणाली.

ब्लेड माझ्या कागदाला टेकले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. तेवढ्यात त्याची आई, छबूबाई, पुढे आली आणि तिने माझ्यावर तळहात ठेवला.

"काप आता. आधी माझा हात काप."

"आई, लोक हसतील!"

"हसू दे. आपण नांगर धरणारी मानसं हाय. तुझ्या बापानं कुनाचा राजा उसना आनला न्हाई."

शेखरने ब्लेड फेकले आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवले. संध्याकाळी वास्तुशांतीला आलेल्या दादासाहेब नावाच्या पाहुण्यांनी विचारले, "तुमचे राजे कुठं आहेत?" छबूबाईने मला उचलून सरळ त्यांच्या हातात दिले.

"ह्यो राजा न्हाई, दादासाहेब. तोतया हाय. आमी शेतकरी."

दादासाहेबांनी चष्मा लावून ओळ वाचली. मग ते जेवूनच गेले. शेखर चार दिवस आईशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने मोठी चौकट आणली, ओळ दिसेल असे मला बसवले आणि हॉलमध्ये स्वतःच खिळा ठोकला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना उन्हापासून जपा, ओलीपासून जपा, वाळवी लागू देऊ नका. पण त्यांच्यावर लिहिलेले आवडले नाही, म्हणून कात्री उचलू नका. माझ्यातला माणूस खोटा होता. मी खोटा नाही, आणि मला कुणी खोटा करू नका.