आर्व्होच्या कपाळावरची आठी

मित्रांनो, मी एक जुना, टोक झिजलेला पेन आहे. माझ्यात शाई कधीच नव्हती. संगणकाला जोडलेल्या काळ्या पाटीवर मला फिरवलं की पडद्यावरच्या फोटोत रेघ उमटते, एवढंच माझं काम. बारा वर्षं ते केलं. आता बोलायचाही कंटाळा येतो, पण तुम्हाला सांगितलंच पाहिजे.

कारखान्यात हजारो भावंडांबरोबर जन्मलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मिनेसोटाच्या उत्तरेला, लोखंडाच्या खाणींच्या गावात, बॉनी स्कोग्लंडच्या फोटो स्टुडिओत माझी नेमणूक झाली. सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. नवरीच्या हनुवटीवरची पुटकुळी पुसायची, बाळाच्या ओठावरचं दूध पुसायचं, संपलं काम. मग रांगड्या फोटोंचं खूळ आलं. हॉकी खेळणाऱ्या पोरांपासून निवृत्त खाणकामगारांपर्यंत ज्याला त्याला उग्र दिसायचं होतं.

युक्ती तशी सोपी, पण राबावं लागायचं ढोरासारखं. आधी फोटोतला रंग निम्मा उतरवायचा. मग प्रत्येक सुरकुतीच्या तळाशी काळोख भरायचा आणि तिच्या काठावर उजेड चढवायचा. बुबुळांभोवतीचं पांढरं उजळायचं. दाढीचा केस न् केस धारदार करायचा. एका चेहऱ्यावर माझ्या हजारो फेऱ्या व्हायच्या. लोक बॉनीचं तोंडभरून कौतुक करायचे. माझं कोण करतंय?

आमचा सगळ्यात गाजलेला फोटो आर्व्हो लेहतिनेनचा. हा म्हातारा अडतीस वर्षं खाणीत सुरुंग लावत होता आणि गावच्या अग्निशमन दलातही होता. कॅमेरा दिसला की पाठ फिरवायचा. दलाच्या कॅलेंडरसाठी दोस्तांनी त्याला अक्षरशः धरून आणलं. "काय तो एक फोटो काढ आणि सोड मला," तो बॉनीला म्हणाला.

बॉनी एरवी मूळ फोटोची प्रत करायची आणि त्या प्रतीवर मला फिरवायची. त्या दिवशी छापखान्याची घाई होती. तिने सरळ मूळ फोटोवरच काम केलं आणि तसंच जतन करून टाकलं. कॅलेंडर छापून आलं, घराघरात लागलं, आणि ही चूक कुणाच्या ध्यानातही आली नाही.

मार्चमध्ये आर्व्हो गेला. दुसऱ्याच दिवशी त्याची बायको लेंपी स्टुडिओत आली. हातात सवयीने भाजून आणलेला वेलदोड्याचा पाव होता. शनिवारी चर्चमध्ये त्याला अखेरचा निरोप द्यायचा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला द्यायच्या कार्डासाठी तिला फोटो हवा होता.

"कॅलेंडर आहे गं माझ्याकडे," ती म्हणाली. "पण त्यात तू त्याला दरोडेखोर केलंयस. धाकटी नात बघून रडते. मला माझा माणूस दे. आधीचा, साधा."

बॉनीने सगळं धुंडाळलं. मग हात मांडीवर ठेवून तिने खरं ते सांगितलं. "मूळ फोटो उरलेला नाही, लेंपीकाकू. माझ्याच हाताने गेला."

लेंपीने कोट काढला आणि खुर्ची पडद्यापाशी ओढली. "एक्कावन्न वर्षं सकाळच्या कॉफीला हेच थोबाड समोर होतं. मी सांगते, तू पुस."

आणि मग दोन दिवस मी उलटं काम केलं.

"ही सुरकुती?"

"त्याची. सौनाच्या गरम वाफेत बसून दात काढून हसायचा ना, त्याची. राहू दे."

"आणि गालावरचा हा चर?"

"होता, पण एवढा नाही. तू तिथे खाणच खणलीयस. अर्धा बुजव."

"नाक?"

"नाक मोठंच होतं त्याचं. हात लावू नकोस."

दोघी हसल्या आणि मग लेंपी रडली. मला फार लाज वाटत होती.

दुसऱ्या दुपारी आम्ही भुवयांच्या मध्ये पोचलो. "ही आठी तर धडधडीत खोटी," लेंपी म्हणाली. "आर्व्होच्या कपाळावर आठी मी कधी पाहिली नाही. शेवटच्या वर्षीसुद्धा, बरं वाटत नाही का, असं विचारलं की म्हणायचा, मला काय धाड भरलीये."

मित्रांनो, ती आठी मी काढलेली नव्हती. मी ती फक्त गडद केली होती. फोटोच्या वेळी पोटात कळ आली तेव्हा ती उमटली होती. बॉनीने विचारलंही होतं, कुठे दुखतंय का म्हणून. "घरी बोलू नकोस," एवढंच तो म्हणाला होता.

बॉनीचा हात थांबला. तिच्या बोटांना घाम आला होता, तो मला कळत होता.

"काढू ना नक्की?" तिने विचारलं.

"काढ म्हणते ना पोरी."

मी ती पुसली. लेंपीने पडद्यावर तळहात ठेवला. "हाच," ती म्हणाली. "हाच माझा."

शनिवारी तोच चेहरा गावभर वाटला गेला. सगळे म्हणाले, हुबेहूब. बॉनीने मान डोलावली आणि स्टुडिओत परतल्यावर दोन दिवस मला हातात घेतलं नाही.

मित्रांनो, माझं टोक आता फार दिवस टिकणार नाही, म्हणून एकच विनवणी करतो. चेहऱ्यावर हवे ते खेळ करा, पण मूळ फोटो जपून ठेवा. आर्व्होने जे एकट्याने सोसलं, ते कॅलेंडरात खोटं ठरलंय आणि दुसऱ्या कुठल्याच फोटोत नाही.