मास्तरांच्या घरचा पडदा

गावातल्या कितीतरी खिडक्यांना मास्तरांच्या हातचे पडदे होते, पण मास्तरांच्या स्वतःच्या घरात एकाही खिडकीला चिंधीसुद्धा नव्हती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. पडद्यांचं माप घेण्यापासून दांडी ठोकण्यापर्यंत सगळं तेच करायचे. त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी पूर्वेला होती आणि बाहेर रस्त्यावरचा दिवा होता. रात्रभर दिवा डोळ्यांवर आणि दिवा विझतो न विझतो तोच सूर्य हजर. शेजारीण एकदा म्हणालीही, "मास्तर, कापड संपलं का हो?" मास्तर हसले आणि विषय बदलला.

पडदे नसण्याचं कारण त्यांची बायको होती, आणि या गावात येण्याचंही कारण तीच होती.

जुन्या शहरात हिवाळा म्हणजे महिनोन्महिने राखाडी आभाळ. दिवस लहान व्हायला लागले की ती मिटत जायची. आधी गाणं गुणगुणणं थांबायचं, मग जेवण कमी, मग बोलणं. उन्हाळ्यात घर डोक्यावर घेणारी ही बाई हिवाळ्यात पांघरुणाखालून "हं" एवढंच म्हणायची. लोक म्हणायचे आळस आहे, कुणी म्हणायचं लाड आहेत. डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावून सांगितलं होतं: हा आजार आहे, तिला उजेड हवा, सकाळी उठताना तर हवाच. गोळ्या दिल्या, टेबलावर ठेवायचा प्रखर दिवा दिला. थोडा फरक पडायचा, पण थोडाच.

एका हिवाळ्यात मास्तर दुपारी घरी आले तर सगळं घर काळोखात. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनीच हौसेने शिवलेले, दुहेरी अस्तराचे गडद निळे पडदे तिने गच्च ओढून घेतले होते आणि ती सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडून होती. मास्तरांनी हाक मारली. ती वळली नाही. त्यांनी शिडी आणली आणि घरातला एकूणएक पडदा उतरवला. आपणच शिवलेल्या अंधारात आपली बायको बुडत होती, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून कानाला खडा.

शेवटी त्यांनी चालू दुकान विकलं आणि दक्षिणेच्या या उन्हाच्या गावात बिऱ्हाड हलवलं. इथे आल्यावर तिला रोपवाटिकेत काम मिळालं. हात मातीत, डोकं उन्हात. थोड्याच दिवसांत ती पुन्हा गुणगुणायला लागली. तरी मास्तरांचा जीव टांगणीलाच होता, कारण खरी कसोटी हिवाळ्याची. इथला पहिला हिवाळा सुरू झाला आणि मास्तर डोळ्यांत तेल घालून राहू लागले. रोज सकाळी ती जागी व्हायची तेव्हा मास्तर उशीवर कोपर टेकून तिच्या चेहऱ्याकडे बघत असायचे.

आता मास्तरांची एक गोची होती. त्यांना लहानपणापासून उजेडात झोप लागायची नाही. काजवा चमकला तरी कूस बदलणारा हा माणूस आता रात्रभर रस्त्यावरच्या दिव्याकडे टक लावून पडून असायचा. पण बायकोला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. एवढा हिवाळा सुखरूप जाऊ दे, मग बघू, असं ते स्वतःला बजावायचे. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचे, कापड कापायच्या मोठ्या टेबलावरून जाड काळं अस्तर खाली सोडायचे आणि त्या आडोशात टेबलाखाली शिरून झोपायचे. पडद्यांच्या गठ्ठ्यावर डोकं टेकलं की पाचव्या मिनिटाला घोरणं सुरू.

पण चोरून घेतलेली झोप किती पुरणार? एका लॉजवाल्याने जेवणाच्या खोलीसाठी पडदा शिवायला टाकला होता. कापडावर उडणारे पक्षी होते. मास्तरांनी चुण्या सुबक घातल्या, दुमड सरळ रेषेत मारली, आणि पडदा टांगला तर सगळे पक्षी पाय वर करून. उभ्या आयुष्यात अशी चूक झाली नव्हती. मास्तरांनी माफी मागितली, पडदा परत घेतला आणि नवीन शिवून दिला.

लॉजवाला तसा दिलदार होता, पण गोष्ट पोटात ठेवणाऱ्यांतला नव्हता. तो रोपवाटिकेत कुंड्या घ्यायला गेला आणि म्हणाला, "वहिनी, मास्तरांनी आमच्या पक्ष्यांना शीर्षासन करायला लावलं!"

सगळे हसले. ती हसली नाही. मास्तर झोपेतही कापडाची उलटसुलट बाजू ओळखतील, हे तिला माहीत होतं. तिने हातावरची माती झटकली, मालकिणीला सांगितलं आणि तडक दुकान गाठलं.

शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत आली. मशीन बंद, कात्री टेबलावर, माणूस कुठे नाही. मग तिला काळं अस्तर दिसलं. तिने ते बाजूला केलं. आत मास्तर पाय पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून पडले होते.

भर दुपारी, अंधारात, भिंतीकडे तोंड. तिला हे चित्र आतून ठाऊक होतं. तिने आरडाओरडा केला नाही. ती फरशीवर बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"केव्हापासून चाललंय हे?"

मास्तर दचकून जागे झाले. चोरी पकडली गेली होती. "इथे आल्यापासून," ते पुटपुटले.

"रोज?"

"जवळजवळ."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला कशाला त्रास? तू बरी होतेयस."

तिने मान खाली घातली. मग ती म्हणाली, "चला, आपण परत जाऊ."

"परत? कुठे?"

"आपल्या घरी. इथलं ऊन मला मानवलं, तुम्हाला नाही. माझं तिथे जमेल. दिवा आहे, गोळ्या आहेत. पण तुम्ही असे पडलेले मला बघवणार नाही हो. मी यातून गेलेय."

मास्तरांच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. ही बाई त्यांच्यासाठी पुन्हा त्या राखाडी हिवाळ्यात जायला निघाली होती.

"अगं वेडे," ते म्हणाले, "मला तसलं काही झालेलं नाही. मला फक्त झोप येतेय!"

"काय?"

"झोप. रात्री त्या दिव्याने लागत नाही, पहाटे उन्हाने लागत नाही. म्हणून इथे येऊन झोपतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मास्तरही टेबलाखालून बाहेर येता येता हसले आणि टेबलाच्या कडेवर डोकं आपटून घेतलं. हसणं ओसरल्यावर तिचा राग वर आला.

"पडदे शिवणारा माणूस तुम्ही. एक पडदा लावता येत नव्हता?"

मास्तरांनी डोकं चोळलं. "पडदा असला की ओढला जातो," ते म्हणाले. "मी ते एकदा बघितलंय. पुन्हा बघायची माझी छाती नाही."

"तेव्हा पडद्याने मला आजारी पाडलं नव्हतं. मी आजारी होते म्हणून पडदा ओढला होता." तिने त्यांचा हात हातात घेतला. "आणि एक सांगू? रोज डोळे उघडले की तुमचं तोंड समोर असतं, निकाल बघायला आल्यासारखं. मला वाटतं, आज जरा आळस केला तर हे घाबरतील. बरं असण्याचीसुद्धा रोज परीक्षा द्यायची का मी?"

"मग मी काय करू? भीती वाटते गं मला."

"मलाही वाटते. आजारपण पुन्हा कधी येणारच नाही असं मी लिहून देत नाही. आलं तर सांगेन. तुम्ही तोंड बघून ओळखू नका, मला विचारा."

मास्तरांनी मान डोलावली. पण घरच्या पडद्याचं माप काही त्यांच्याने घेववेना. टेप हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. तिने फोनवर धाकट्या बहिणीला सगळं सांगितलं. ती मेली फटकळ. म्हणाली, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला! ताई, हे त्यांच्या हातून होणार नाही. तूच शीव."

आता ताईंचं शिवणकाम म्हणजे बटण लावताना स्वतःची बाही टाचून घेणारं. पण तिने ते उलट्या पक्ष्यांचं कापड घरी आणलं, वरच्या चुण्या उसवल्या, खालची बाजू वर घेतली आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या जुन्या मशीनवर बसली. मास्तरांना तिने खोलीबाहेर काढलं. मशीन अडखळत, धावत, पुन्हा अडखळत चाललं होतं. दोरा तुटल्याचा आवाज आला तसे मास्तर दाराबाहेर कळवळले, पण आत गेले नाहीत.

संध्याकाळी पक्षी पाय खाली करून खिडकीत टांगले गेले. रात्री तिने स्वतःच पडदा ओढला. मास्तर "अगं" म्हणाले आणि पुढचं म्हणायच्या आत झोपले.

सकाळी ते जागे झाले तेव्हा खोलीत अंधार होता. पलीकडची बाजू रिकामी आणि गार. ते धडपडत उठले, चप्पल न घालता मागच्या दाराकडे धावले.

ती मागच्या पायरीवर बसली होती. हातात चहाचा कप, डोळे मिटलेले, तोंडावर ऊन. मास्तर सवयीने तिच्या चेहऱ्याकडे वाकून बघायला लागले.

"विचारा," ती डोळे न उघडता म्हणाली.

मास्तर सरळ झाले. "कशी आहेस?"

"आज जरा उदास वाटतंय. साधंच, कुणालाही वाटतं तसं. बरी आहे मी."

मास्तरांनी एकदा खोल श्वास घेतला. घाबरायचं नाही असं ठरवलं आणि तिच्याशेजारी, भिंतीच्या सावलीत टेकले.

"आणि तुम्ही कसे आहात?" तिने विचारलं.

मला काय धाड भरलीय, हे उत्तर त्यांच्या तोंडात वर्षानुवर्षं तयार होतं. पण ते म्हणाले, "मला तिकडची थंडी आठवते गं. धुकं आठवतं. सकाळी दुकान उघडताना तोंडातून वाफ यायची ना, ती आठवते."

"मला माहीत होतं," ती म्हणाली आणि आपला उरलेला चहा त्यांच्या हातात दिला. "हे सांगत जा."

चहा कोमट झाला होता, तरी मास्तरांनी तो सावकाश प्यायला. मग न राहवून म्हणाले, "पडदा डावीकडे चार बोटं आखूड झालाय."

"उसवलात तर बघा."

"नाही उसवत," मास्तर म्हणाले, आणि तो त्यांनी कधीच उसवला नाही.