शेवटच्या फेरीला कोणीच आलं नाही

मित्रांनो, जरा माझ्याबरोबर या. आपण एका वर्गात शिरलो आहोत अशी कल्पना करा. खिडक्यांचे पडदे ओढलेले आहेत. समोरच्या भिंतीवर सिनेमा चालू आहे. निळी नदी, नदीत एक होडी. सगळी मुलं माना वर करून बघताहेत. आता तुम्ही मान मागे वळवा. वर्गाच्या अगदी शेवटी, एका जाड खांबाच्या आड, एक लोखंडी कपाट आहे. त्याचं एक दार नीट लागत नाही. त्या फटीतून कोणीतरी हा सिनेमा चोरून बघतंय. ती मी.

मी एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे. पडद्यावर जी होडी चालली आहे ना, ती माझ्याच पानांतून नेलेली आहे. नेताना मला कोणी विचारलं नाही, आणि नेल्यावर तर माझी कोणाला आठवणही उरली नाही. पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही म्हातारी उगाच रडगाणं गाते.

छापखान्यातून आम्ही पुष्कळ बहिणी एकदम बाहेर पडलो. त्यातल्या एका वर्गाला पुरतील एवढ्या जणी या शाळेत आलो. बाकीच्या जणी मुलांच्या बाकांवर गेल्या आणि मी गेले इंग्रजीच्या सरांच्या हातात. सर तेव्हा तरुण होते आणि चांगलेच घाबरलेले होते. पहिल्या तासाला त्यांनी मला छातीशी असं घट्ट धरलं होतं, की त्यांची धडधड माझ्या पुठ्ठ्याला कळत होती.

माझ्यात एका होडीवाल्याची गोष्ट आहे. नदीच्या एका काठाला गाव, दुसऱ्या काठाला शाळा, बाजार आणि दवाखाना. होडीवाला जन्मभर लोकांना इकडून तिकडे नेतो. मग नदीवर पूल होतो. पूल चांगलाच आहे, माझ्यात कुठेही त्याला नावं ठेवलेली नाहीत. फक्त शेवटच्या पानावर होडीवाला आपल्या शेवटच्या फेरीसाठी काठावर येऊन उभा राहतो. दिवस मावळेपर्यंत वाट बघतो. कोणीच येत नाही. मग तो रिकामी होडी घेऊन एकटाच नदी ओलांडतो. एवढंच.

ही गोष्ट सर कशी शिकवत, ते ऐकण्यासारखं आहे. ते फळ्यावर अर्थ लिहून देत नसत. मुलांनी वाचायचं, अडेल तिथे अडायचं, शेजाऱ्याला विचारायचं. 'ओअर' म्हणजे वल्हं, हे सांगायच्या ऐवजी त्यांनी सगळ्यांना हातात पट्ट्या घ्यायला लावल्या आणि बाकांच्या होड्या वल्हवायला लावल्या. असा गलका झाला, की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "सर, तुमची नदी जरा हळू वाहू द्या. माझी भूमिती वाहून चाललीय."

माझ्यावर सिनेमा निघाला, तोही सर वर्गात दाखवत. पण तुकड्या-तुकड्याने. आधी माझं प्रकरण वाचायचं, मग सिनेमातला तेवढाच भाग बघायचा, आणि मग खेळ सुरू व्हायचा. खेळाचं नाव 'चोरी पकडा'. सिनेमावाल्यांनी काय गाळलं, काय बदललं, काय पदरचं घातलं, ते शोधून इंग्रजीत सांगायचं.

"सर! बुक डॉग ब्लॅक! फिल्म डॉग ब्राउन!" एखादा बाकावर उभा राहून ओरडायचा.

"शाब्बास! पण व्हाय? का बदलला असेल?" सर विचारायचे. वाक्य मोडकं असलं तरी चालायचं. 'व्हाय'चं उत्तर शोधता शोधता ते आपोआप सरळ व्हायचं.

आणि शेवटच्या प्रकरणाआधी सर त्या वर्षीच्या वर्तमानपत्रातलं एक कात्रण माझ्या पानांत ठेवायचे. कुठे फोन जोडून देणाऱ्या बायकांचं काम संपलं होतं, कुठे फोटो धुवून देणारं दुकान बंद झालं होतं. वर्गाचे दोन भाग व्हायचे आणि जोरदार भांडण जुंपायचं. पूल हवा की होडी हवी? भांडायचं इंग्रजीत, हा नियम. राग अनावर झाला की घरची भाषा तोंडातून निसटायची आणि सगळे हसायचे. त्या कात्रणांनी मी फुगत गेले. माझ्या बहिणी सडपातळ राहिल्या, मी मात्र जाडजूड झाले. मला त्याचा अभिमान होता.

शेवटचं पान सर स्वतः मोठ्याने वाचत. पहिल्या वर्षी वाचून झाल्यावर ते बराच वेळ समजावत बसले, आणि मुलांच्या चेहऱ्यांवर जे काही आलं होतं ते हळूहळू पुसलं गेलं. सरांच्या ते लक्षात आलं. त्या दिवशी त्यांनी शिसपेन्सिलीने माझ्या शेवटच्या समासात लिहिलं, 'इथे थांबायचं. काही समजावून सांगायचं नाही.' पुढच्या वर्षीपासून ते थांबू लागले. वर्ग गप्प बसायचा. मित्रांनो, त्या शांततेएवढं माझं कौतुक कोणी कधी केलं नाही.

माणूस एका दिवसात बदलत नाही. बदलला असता, तर मला निदान कळलं तरी असतं. एका वर्षी तपासणी आली म्हणून दोन प्रकरणं राहिली. पुढच्या वर्षी सर म्हणाले, हल्लीची मुलं वाचायला कंटाळतात, आधी सिनेमा दाखवू. मग वेळ पुरेना म्हणून नुसता सिनेमाच. आम्ही सगळ्या बहिणी मागच्या कपाटात गेलो. कात्रणं थांबली. भांडणं थांबली. 'चोरी पकडा' खेळायला आता दुसरी बाजूच उरली नव्हती.

सिनेमा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्यातली नदी माझ्या शब्दांतल्या नदीपेक्षाही सुंदर आहे. पण त्याचा शेवट? त्यात पुलाच्या उद्घाटनाला सगळं गाव होडीवाल्याला खांद्यावर घेतं, बँड वाजतो, म्हातारा आनंदाने रडतो. वर्गात टाळ्या पडतात. कपाटाच्या फटीतून मी पाहिलं, सरही टाळ्या वाजवत होते. ज्यांनी मुलांना चोरी पकडायला शिकवलं, त्यांच्या डोळ्यांदेखत माझं शेवटचं पान चोरीला गेलं होतं.

त्या वर्षी वर्गात एक नवी मुलगी आली. रिकामी जागा खांबामागेच होती, म्हणून तिला तिथे बसवलं. मुलांनी तिचं नावच 'खांब' पाडलं. पहिल्या बाकावरच्या एका मुलाचं तोंड कधी बंद नसे, म्हणून त्याला सगळे 'रेडिओ' म्हणत. तो मागे वळून विचारायचा, "ए खांबा, तुला तिथून काय दिसतं गं?"

"तुझे कान," ती म्हणायची. "तेवढेच मोठे आहेत."

पण तिला खरंच दिसत नव्हतं. तिने सरांना सांगितलंही, "सर, मला नदी दिसते, पण होडी खांबात जाते."

"दिसतं तेवढं बघ, बाळ, उरलेलं ऐक," सर म्हणाले. "ऐकून इंग्रजी सुधारतं."

तिने थोडा वेळ ऐकलं. मग कंटाळून हात मागे केला, कपाटाचं दार ओढलं आणि मला बाहेर काढलं. पडद्याच्या कडेने खिडकीतून उजेडाची एक पट्टी येत होती, तिच्यात मला धरून ती वाचू लागली. कित्येक वर्षांनी कोणाच्या तरी बोटाचा घाम माझ्या पानाला लागला. ती अडायची, ओठ हलवून शब्द पुन्हा म्हणायची, कात्रणं उलटून बघायची. गोड वाटलं हो मला.

एका संध्याकाळी तिने मला घरी नेलं. तिचे बाबा रेल्वे स्टेशनवर तिकिटाच्या खिडकीत बसत. त्या दिवसापासून खिडकी बंद झाली होती आणि तिथे यंत्रं बसवली होती. बाबा खुर्चीवरची उशी काखेत धरून घरी आले.

"निरोपाला कोणी आलं होतं का हो?" तिच्या आईने विचारलं.

"कोण येणार? सगळ्यांना गाडी गाठायची असते." बाबा हसले. "एका आजोबांनी तेवढं थांबून विचारलं."

"काय?"

"मशीन कुठाय म्हणून."

आईही हसली. मग दोघंही हसायची थांबली आणि आई चहा टाकायला आत गेली. मुलगी कोपऱ्यात बसून माझं शेवटचं पान वाचत होती. तिने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नंतर वर्तमानपत्रातली तिकीट खिडकीची इवलीशी बातमी तिने कात्रीने कापली आणि माझ्यात, इतर कात्रणांच्या वर ठेवली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मला कपाटात ठेवलं. मग चाचणी झाली. प्रश्न असा होता, की कादंबरीत होडीवाल्याच्या शेवटच्या दिवशी काय घडतं? सगळ्यांनी बँड लिहिला. तिने लिहिलं, 'नोबडी केम.' आणि खाली, काठावर तो कसा उभा होता, ते आपल्या मोडक्या इंग्रजीत.

सरांनी पेपर वाटताना तिचा पेपर वर धरला. "कोणीच आलं नाही? अगं, सगळं गाव आलं होतं! कुठे लक्ष होतं तुझं?"

"सर, ती खांबामागे असते," रेडिओ म्हणाला. "बँड खांबात गेला असेल."

वर्ग हसला. सरही हसले.

"सर, पुस्तकात तसं नाहीये," ती म्हणाली.

"ते पुस्तक मी तुझ्या जन्माआधीपासून शिकवतोय, बाळ. मनाने काही लिहायचं नाही."

मित्रांनो, सर खोटं बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. ज्या पानाशी ते दरवर्षी थांबायचे, ते पान त्यांच्या मनातून कोणीतरी फाडून नेलं होतं आणि जागा रिकामी झाल्याचंही त्यांना कळलं नव्हतं. माझं एक असो, मी जुनी आहे. पण त्या मुलीने जे आपल्या घरात डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यावर त्यांनी लाल शाईची फुली मारली होती. ती खाली बसली. त्यानंतर तिचा हात वर आला नाही. रेडिओने कान पुढे करून चिडवलं, तरी ती काही बोलली नाही. मला वाटलं, आता ही मुलगी कायमची गप्प झाली.

मग कपाट रिकामं करायचं ठरलं. तिथे नवे स्पीकर ठेवायचे होते. शिपाईकाकांनी माझ्या बहिणींना खोक्यांत भरून, चिकटपट्टी लावून, बाहेर व्हरांड्यात रचलं. रद्दीची गाडी दुपारी येणार होती. उरले होते मी. काकांनी मला उचललं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "काका, हे एक राहू द्या ना."

"घे की, पोरी. एका पुस्तकाने माझं ओझं काय हलकं होणार?"

तास सुरू झाला. सरांनी पडदे ओढले, नव्या सिनेमासाठी प्रोजेक्टर लावला. भिंतीवर नुसता निळा चौकोन उमटला होता. ती उठली, मला घेऊन सरळ त्या निळ्या उजेडात जाऊन उभी राहिली.

"काय गं?" सर म्हणाले.

"सर, एक पान वाचते."

"आत्ता?"

ती वाचायला लागलीही होती. 'ओअर'पाशी अडखळली, तेव्हा कोणीतरी खुसखुसलं. होडीवाला काठावर आला. ऊन कललं. पाखरं परतली. पलीकडे पुलावरून दिवे जाऊ लागले. कोणीच आलं नाही. रिकामी होडी नदी ओलांडून गेली, आणि ती थांबली.

वर्ग गप्प. रेडिओसुद्धा. तीच शांतता, मित्रांनो, इतक्या वर्षांनी. माझं पान अन् पान थरारलं.

सरांनी घसा खाकरला. "हं. तर मुलांनो, इथे लेखकाला असं सुचवायचं आहे की..."

"सर," ती हळूच म्हणाली, "इथे थांबायचं."

"म्हणजे?"

"काही समजावून सांगायचं नाही. तुम्हीच लिहिलंय."

तिने मला त्यांच्यापुढे धरलं. सरांनी चष्मा वर केला. आपलं अक्षर त्यांनी ओळखलं, पण एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसे ते त्याकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट सर्वांत वरच्या कात्रणावर गेलं.

"हे मी लावलेलं नाही."

"मी लावलं. ती माझ्या बाबांची खिडकी आहे."

सरांनी बातमी वाचली. "शेवटच्या दिवशी," त्यांनी विचारलं, "कोणी आलं होतं?"

तिने मान हलवली. नाही.

सरांनी खिशातून लाल पेन काढलं. "तुझा पेपर आण. गुण देतो."

"गुण राहू देत, सर."

तुम्ही विचाराल, मी सरांना माफ केलं का? अजून नाही. सिनेमे जरूर बघा, मित्रांनो, पण एखाद्याची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकलीत, तर निदान एकदा त्या पहिल्याकडे जाऊन विचारा, की बाबा, खरंच असंच झालं होतं का? एवढंच माझं मागणं आहे. सरांनी ते विचारलं नव्हतं.

मुलगी व्हरांड्यात गेली. पहिल्या खोक्यावरची चिकटपट्टी निघेना, तेव्हा तिने कंपासपेटीतली पट्टी आणून ती फाडली. रेडिओ धावत आला आणि त्याने खोक्याची दुसरी बाजू धरली. दोघांनी ते आत आणलं. तिने एकेका बाकावर माझी एकेक बहीण ठेवली. शेवटी ती सरांपाशी आली. त्यांच्या हातातून तिने मला काढून घेतलं, आणि सगळ्यांना दिली होती तशीच एक प्रत, जिच्या समासात काहीही लिहिलेलं नव्हतं, त्यांच्या हातात ठेवली. मग ती खांबामागे जाऊन बसली आणि तिने माझं पहिलं पान उघडलं.