इथे कोणी भाव करत नाही

वैकुंठ स्मशानभूमीच्या रस्त्यावर माझं दुकान होतं. बांबू, कामट्या, सुतळी, मडकी, गोवऱ्या, पांढरं कापड, म्हणजे शेवटच्या प्रवासाचं सगळं सामान. येणारे-जाणारे पाटीकडे बघायचं टाळत, आणि मी त्याचं वाईट वाटून घेत नसे. निघालेल्या गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचं नाही, हे वडिलांनी शिकवलेलं. बाकी धंदा आपोआप चालायचा.

दुकान विकायला काढलं ते द्वारकासाठी. बायकोचं यकृत निकामी होत चाललं होतं आणि डॉक्टर औषधांऐवजी आता आकडे सांगू लागले होते. आम्हाला मूलबाळ नाही. विकण्यासारखं घरात काही नव्हतं, दुकान होतं.

घेणारी कंपनी शहरभर अशी दुकानं गोळा करत होती. मरणाचंही ॲप काढलं होतं म्हणे. किंमत ठरवायला त्यांनी ऋतुजा नावाची सीए पाठवली. कोथरूडची मुलगी, नम्र आणि हुशार. मांडीवर लॅपटॉप घेऊन आठवडाभर माझ्या स्टुलावर बसली.

"काका, जागा भाड्याची, माल किरकोळ, नफा तर अगदीच..."

"मी काय सराफी पेढी चालवतो?"

ती हसली. "नावाची किंमत धरता येते. गुडविल. जुनी गिऱ्हाइकं परत येतात?"

"येतात. पण खुशीने नाही."

तिने काढलेला आकडा ऑपरेशनच्या खर्चाच्या निम्म्यावरही पोचत नव्हता.

शेवटच्या दिवशी ती आवराआवर करत असताना एक माणूस आला. त्याची बायको गेली होती. सवाष्णीचं सामान वेगळं असतं: हिरवी साडी, हिरवा चुडा, खण, हळदकुंकू. मी आकडा सांगितला, त्याने मोठ्या नोटा ठेवल्या आणि उरलेले पैसे परत न घेताच निघाला. मी मागे धावत जाऊन ते त्याच्या खिशात घातले.

ऋतुजा बघत होती. "काका, त्यांनी भाव नाही केला."

"इथे कोणी भाव करत नाही," मी ऐटीत म्हणालो. "घरचा माणूस आला ना, तर त्याचे हात थरथरत असतात. चौपट सांगितले तरी देईल. म्हणून तर लाज आपण बाळगायची."

शेवटचं वाक्य तिने ऐकलं की नाही, देव जाणे. तिने लॅपटॉप पुन्हा उघडला होता. जाताना "येते हं काका" म्हणाली. सवयीने मी 'या' म्हटलं नाही.

दोनच दिवसांनी नवा आकडा आला, पहिल्याच्या दुपटीहून मोठा. मी आनंदाने पेढे आणले आणि मग आभार मानायला तिला फोन केला.

"आभार कसले काका. तुमचे दर फारच कमी आहेत, आणि वाढवले तरी गिऱ्हाईक कुरकुर करणार नाही. त्याचीच तर किंमत आहे."

फोन ठेवला तेव्हा मला माझ्या जिभेची शरम वाटली. तरी सही केली. द्वारकाला कारण सांगितलं नाही. ती पेढा हातात धरून म्हणाली, "अहो, मी म्हणत नव्हते, तुमच्या नावाला किंमत आहे?"

ऑपरेशन झालं. त्यानंतर ती दिवाळीपर्यंत होती.

पुतण्या म्हणाला, सामान मी आणतो. तुला काय कळतंय त्यातलं, असं म्हणत मीच निघालो.

दुकानाला काचेचं दार लागलं होतं. काउंटरवरचा माणूस नवा होता, मला ओळखत नव्हता.

"बाई आहेत का गेलेल्या? मिस्टर आहेत त्यांचे?"

"आहेत," मी म्हणालो.

"मग सौभाग्य पॅकेज." त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवला.

साडी माझ्याच जुन्या व्यापाऱ्याची होती. तिची खरेदीची किंमत मला ठाऊक होती, मडक्याची ठाऊक होती, सुतळीच्या गुंडीचीसुद्धा. आकडा चौपट होता. रिक्षावाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत कोणाशीही वाद घालणारा माणूस मी. तरी कार्ड पुढे केलं आणि आकडे दाबले.

मशीन वाजलं.

"पिन चुकला काका," तो म्हणाला. "परत टाका."